शंभर यार्डांच्या आत : प्राचार्य आणि संस्थाचालकांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य, तसेच शिक्षण संस्थांचे अध्यक्ष आणि सचिव,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. बंद पाकिटातली पत्रं आवक नोंदवहीत चढतात आणि तिथेच राहतात, हे नोकरीत असताना पुरेसं पाहिलं आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे आपल्या रासेयोचा, कार्यक्रम अधिकारी होतो. या माणसाची आठवण संस्थेला वर्षात दोनदाच होते. एकदा सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर लावायचं असतं तेव्हा आणि एकदा नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या मूल्यांकनासाठी, फोटो हवे असतात तेव्हा. आता निवृत्त झालोय, त्यामुळे कुणाची परवानगी न घेता लिहू शकतो.

महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या मोहिमांवर बंदी आहे, असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. मोहिमांची नुसती रेलचेल आहे. जूनमध्ये योग दिन, पावसाळ्यात वृक्षारोपण, ऑगस्टमध्ये तिरंगा, २४ सप्टेंबरला रासेयो दिन, २ ऑक्टोबरला झाडू, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा, २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका, १ डिसेंबरला एड्स दिनाची लाल फीत, जानेवारीत रस्ता सुरक्षा आणि महिनाअखेरीस मतदार दिन. मुलं फलक रंगवतात, घोषणा देतात, गावातून फेरी काढतात, तहसीलदार हिरवा झेंडा दाखवतात. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या मोहिमांचं तोंड फाटकाच्या बाहेर असतं. गावाने शौचालय वापरावं, गावाने पाणी वाचवावं, गावाने दारू सोडावी, गावाने मुली शिकवाव्यात. याच फाटकाच्या आत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसते. पाण्याच्या टाकीवर शेवटची धुतल्याची तारीख लिहिलेली असते आणि ती मागच्या सालातली असते. त्याबद्दल दोन मुली कार्यालयात आल्या, की त्यांना ‘तुमचे पालक कोण?’ असं विचारलं जातं.

रासेयोचा स्वयंसेवक वर्षाला १२० तास समाजसेवा करतो, दोन वर्षांत २४०. एवढ्या तासांपैकी एक तास तरी त्याने स्वतःच्या महाविद्यालयाकडे नागरिक म्हणून बघावं, हा माझा आग्रह आहे. तो का धरतोय, हे एका टपरीच्या निमित्ताने सांगतो.

आमच्या फाटकासमोर एक टपरी होती. तशी कुठल्या कॉलेजसमोर नसते? चहा, बिस्कीट, रिचार्ज, आणि मागच्या फळीवर सिगारेट, तंबाखू. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, म्हणून तो फळीवर नव्हता. तो गल्ल्याखाली होता. आम्ही दरवर्षी तंबाखूविरोधी पथनाट्य बसवायचो आणि तालमी झाल्या की मुलं याच टपरीवर चहाला जायची. एका वर्षी शिबिराच्या बौद्धिकात एका वकील मित्राने तंबाखू नियंत्रण कायद्याची माहिती दिली. २००३ चा कायदा, कलम ६. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. हे अंतर रस्त्याने चालत मोजायचं नसतं, ते संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून त्रिज्येने मोजायचं असतं. आणि बंदीची सूचना देणारा फलक संस्थेच्या बाहेर ठळक जागी लावायची जबाबदारी संस्थाप्रमुखाची असते.

शिबिरातून परतल्यावर चार मुलांनी भूगोल विभागातून टेप मागून घेतला आणि अंतर मोजलं. टपरी कुंपणापासून ३० मीटरही लांब नव्हती. त्यांनी कागदावर नकाशा काढला, पुढच्या दोन टपऱ्याही त्यात दाखवल्या, कुठेही कुणाचं नाव न लिहिता एक पानाचा अहवाल केला आणि प्राचार्यांकडे दिला. सोबत विनंती, की नियमाप्रमाणे फलक लावावा आणि नगरपरिषदेला पत्र द्यावं. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, ‘मी तुम्हाला पथनाट्य करायला सांगितलं होतं, पंचनामा करायला नाही.’

टपरीची जागा कोणाच्या नातेवाइकाची होती, हे सांगायची गरज नाही. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाला ते न सांगता कळतं.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते, हेही लिहून ठेवतो. वर्गाच्या काचा फुटल्या तर त्यांना झोप लागायची नाही. गरीब मुलाची फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरल्याचं मी पाहिलंय. पण पथनाट्य आणि पंचनामा यांतला त्यांना दिसलेला फरक हाच या पत्राचा विषय आहे. पथनाट्यात दोष ‘समाजा’चा असतो आणि समाजाला फोन नंबर नसतो. पंचनाम्यात अंतर असतं, जागा असते, जबाबदार माणूस असतो, आणि कधी कधी तो माणूस आपल्याच संस्थेच्या कार्यकारिणीवर असतो. म्हणून पहिल्याला प्रमाणपत्र मिळतं आणि दुसऱ्याला कारणे दाखवा नोटीस.

दंडाचाही हिशेब बघा. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणाऱ्याला कायद्याने जास्तीत जास्त २०० रुपये दंड आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२३ च्या अखेरीस शिस्तीची नवी नियमावली काढली. तिच्यात शैक्षणिक आणि प्रशासकीय इमारतींच्या शंभर मीटरच्या आत धरणं किंवा उपोषण केल्यास २०,००० रुपयांपर्यंत दंड होता. जवळपास तेवढंच अंतर आणि बरोबर शंभर पट रक्कम. जेएनयू लांब आहे आणि तिथलं राजकारण निराळं आहे, हे मला कळतं. पण आपल्याकडे लेखी दंडाची गरजच पडत नाही. आपल्याकडच्या पद्धती घरगुती आहेत. प्रवेश अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘मी कोणत्याही आंदोलनात सहभागी होणार नाही’ असं हमीपत्र असतं. प्रात्यक्षिकाचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा असतो. आणि सर्वांत जालीम उपाय म्हणजे वडिलांना फोन. मुलाच्या बाबतीत त्या फोनने फार तर शिव्या बसतात. मुलीच्या बाबतीत तो फोन तिचं शिक्षणच थांबवू शकतो. ‘तुमची मुलगी कॉलेजात पुढारपण करते’ एवढं एक वाक्य पुरतं, पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येतात. फोन करणाऱ्या लिपिकाला हे माहीत असतं. फोन करायला सांगणाऱ्यालाही माहीत असतं.

आता मतदार दिनाकडे येतो. २५ जानेवारीला आपण पटांगणात मुलांना उभं करून मतदानाची शपथ देतो. १९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. अठराव्या वर्षी माणूस देशाचं सरकार निवडायला लायक होतो, हे संसदेने मान्य केलं. त्याच साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गात पहिला येणारा मुलगा वर्ग प्रतिनिधी होऊ लागला. ज्याला सर्वांत जास्त गुण, तो सर्वांचा आवाज! हुशार मुलांबद्दल मला प्रेम आहे, मी त्यांनाच शिकवून पोट भरलं. पण बहुतेक वेळा पहिल्या बाकावरच्या त्या मुलाला पुढच्या प्रवेशाची, शिफारसपत्राची, गुणांची काळजी सर्वांत जास्त असते. पाण्याच्या टाकीबद्दल भांडायला तो वर्गातला सर्वांत अडचणीतला माणूस.

पुढे २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या. निवडणुकीतल्या गुंडगिरीवर आणि पैशावर त्यात बऱ्यापैकी इलाज होता. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या वर नको, हजेरी ७५ टक्के हवी, छापील पोस्टर चालणार नाही, हाताने केलेलंच लावायचं, तेही ठरलेल्या जागी. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक उरकायची. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात खुल्या निवडणुकांची तरतूद परत आली. २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीर झालं, मग विधानसभा निवडणुकीमुळे पुढे गेल्या, मग कोविड आला. कायदा झाला तेव्हा दहावीत असलेली मुलं पदवी, पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडली आणि त्यांतल्या कित्येकांनी लोकसभेला, विधानसभेला मत दिलं. महाविद्यालयात मतपेटी काही त्यांनी पाहिली नाही. यात दोष शासनाचा मोठा आहे, तुमचा लहान. पण निवडणुका लांबल्यावर तुमच्यापैकी कितीजणांनी सुटकेचा श्वास सोडला, हे स्टाफरूममध्ये बसून मी ऐकलंय.

तुमची भीती खोटी नाही. विद्यार्थ्यांच्या चळवळी म्हणजे सगळं सोनं, असं मराठवाड्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या दिवसांत दलित वस्त्या जळाल्या. त्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थीही होते. नामांतरासाठी लाठ्या खाणाऱ्यांत, तुरुंगात जाणाऱ्यांतही विद्यार्थी होते. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत एक अख्खी पिढी त्या झगड्यात गेली. तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरला म्हणजे तो आपोआप न्यायाच्या बाजूला असतो, असं नाही.

पण दुसरीही आठवण आपल्याच मातीतली आहे. १९३८ साली निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट धरला. अधिकाऱ्यांनी बंदी घातली, मुलांनी ती मानली नाही, तेव्हा त्यांना काढून टाकलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने दार उघडलं. काढून टाकलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात आपण सगळे त्या मुलांचा अभिमानाने उल्लेख करतो. भाषण करताना एक विचार करून बघा, त्या वसतिगृहाचे अधीक्षक तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेकांचं प्रामाणिक उत्तर ‘वडिलांना कळवलं असतं’ असं येईल.

मुलांना महाविद्यालयात बोलू दिलं नाही म्हणून ती बोलायची थांबलेली नाहीत. ती चौकातल्या फ्लेक्सवर गेलीत. वाढदिवसाचा फ्लेक्स, वर साहेबांचा मोठा चेहरा, खाली चाळीस छोटे चेहरे, आणि त्यांत आपला बी.ए. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, नावापुढे ‘युवा नेते’. त्याची हजेरी वीस टक्के असते, पण साहेबांच्या रॅलीला शंभर टक्के. जातीच्या मोर्चात तो आहे, दहीहंडीच्या मंडळात आहे, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर दुसऱ्या जातीच्या मुलांशी भांडतोय. संघटन कसं करायचं, हे त्याला कुणीतरी शिकवतंच आहे. तुम्ही शिकवलं नाही एवढंच. अर्ज कसा लिहायचा, समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, आकडे कसे गोळा करायचे, मागणी पूर्ण झाली तर आभार कसे मानायचे आणि नाही झाली तर खुर्च्या न फोडता पुढे कुठे जायचं, हे सगळं वर्गाबाहेरचं शिक्षण फक्त महाविद्यालयच देऊ शकतं. साहेबांना त्यात काडीचा रस नाही.

ते दिलं तर काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं पाच वाजेपर्यंत चालायची आणि एका बाजूच्या सात-आठ गावांची शेवटची एसटी साडेचारला सुटायची. बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, त्यानंतर पैसे भरून पास काढावा लागतो. म्हणजे पासाचे पैसेही भरायचे आणि बसही मिळत नाही. परिणाम असा, की त्या गावांतल्या मुली बारावीनंतर विज्ञान सोडून कला शाखेला यायच्या. प्राध्यापक मंडळींत याचं स्पष्टीकरण ‘ग्रामीण मुलींना गणित झेपत नाही’ असं होतं.

हे खोडून काढलं दोन मुलींनी. त्यांनी एका वहीत गावनिहाय पासधारकांची यादी केली, कोण कोणती शाखा सोडून आली ते लिहिलं, कोणत्या वारी कोणती प्रात्यक्षिकं किती वाजता सुटतात ते लिहिलं. मग आगार व्यवस्थापकांकडे गेल्या. त्यांनी पहिल्यांदा ‘वरून मंजुरी लागते’ म्हणून परत पाठवलं. मुलांपैकी काहींचं म्हणणं पडलं, की रास्ता रोको करू, टायर पेटवू, त्याशिवाय कुणी ऐकत नाही. वर्गात यावर चांगलीच खडाजंगी झाली. मुलींचं म्हणणं होतं, की बस अडवली तर त्या दिवशी घरी जायचं कसं? यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी ती वही आणि गावांच्या सरपंचांच्या सह्या घेऊन सगळे एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे गेले. मुक्कामी गाडीची वेळ बदलून ती सव्वापाचला सुटू लागली. चालक-वाहकांच्या पाळीची अडचण होती, तीही मुलींनी आधीच आगारातल्या वाहकांना विचारून ठेवली होती, म्हणून वेळ बदलणं शक्य झालं. पुढच्या दोन वर्षांत विज्ञान शाखेत त्या बाजूच्या मुली दिसू लागल्या. गणित झेपतं की नाही, ही चर्चा आपोआप बंद पडली.

या सगळ्याला महाविद्यालयाचा पाठिंबा होता का? विरोध नव्हता, कारण दोषी एसटी होती. म्हणजे पुन्हा फाटकाबाहेरचं कुणीतरी. तीच वही घेऊन त्या मुली प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक तासभर अलीकडे घ्या असं म्हणायला आल्या असत्या, तर विभागप्रमुखांनी त्यांना उभं केलं असतं का, याची मला शंका आहे.

पैशाचा विषय काढल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. कुठल्याही मुलाची फीची पावती हातात घ्या. शिकवणी शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, वार्षिकांक, विद्यार्थी सहाय्यता निधी, अश्वमेध, इंद्रधनुष्य. शेवटची दोन नावं वाचून नवीन पालकांना पूजेचं साहित्य वाटतं. ती आंतरविद्यापीठ क्रीडा आणि युवक महोत्सवाची आहेत. जिमखान्याला कुलूप असतं, वार्षिकांक दोन-तीन वर्षांतून एकदा निघतो, आणि सहाय्यता निधीतून कुणाला साहाय्य झालं ते गूढ राहतं. हे विचारणं म्हणजे बंडखोरी समजली जाते. तसं समजायचं काही कारण नाही. शासनाच्या भरीव अनुदानावर चालणारी खाजगी संस्थांची महाविद्यालयंही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात स्पष्ट केलंय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कुठलाही विद्यार्थी जिमखान्याचा हिशेब मागू शकतो आणि तीस दिवसांत तो द्यावा लागतो. मग त्याने मागायच्या आधीच तो सूचना फलकावर का लावू नये? मुलगा अर्ज करतो, तुम्ही त्याला बोलावता, तो घाबरतो किंवा चिडतो, चिडला तर एखाद्या संघटनेकडे जातो, संघटना तुमच्या केबिनमध्ये घोषणा देते. हा सगळा खर्च एका ए-फोर कागदाने वाचतो.

आणि मूळ गुणपत्रिका अडकवून फी वसूल करण्याचा प्रकार तर आता थांबवाच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायला मनाई केली आहे.

संघटनांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्याबद्दलही बोलतो. हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल. निवेदन देतानाचा फोटो, हा आता महाराष्ट्रातला स्वतंत्र कलाप्रकार झालाय. एका टोकाला अधिकारी, मध्ये कागद, दुसऱ्या टोकाला सात जण, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, कागदाकडे कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडू’. तिसऱ्या दिवशी विषय संपला. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन अर्जांच्या पोर्टलवर, कोणत्या टप्प्यावर अडकली आहे, महाविद्यालयाच्या लॉगिनला की समाजकल्याणच्या, हे निवेदन देणाऱ्याला विचारा, शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. ज्या मुलाला ते सांगता येतं, त्याला संघटनेत पद मिळत नाही. यावर प्राचार्य मंडळी हसतात. पण मुलांना अभ्यास करून प्रश्न मांडायची सवय लागावी अशी कुठलीच जागा आपण ठेवली नाही, तर ती निवेदनं टाइप करून घेणारच.

अशा जागा निर्माण करायला नवीन कायदा लागत नाही, नवीन निधीही लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. आज मुलं हे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आणतात, विषय असतो ‘ग्रामीण भागातील महिला बचत गट : एक अभ्यास’, आणि तोच अभ्यास शेजारच्या वर्गात दुसऱ्या नावाने जमा झालेला असतो. त्याऐवजी महाविद्यालयाचंच पाणी, वीज, कचरा, स्वच्छतागृहं, अपंगांसाठीचा उतार, ग्रंथालयाच्या वेळा, बसच्या वेळा हे विषय द्या. उतार बांधलाय का, एवढं बघू नका. चाकाची खुर्ची घेऊन एका मुलाला त्यावरून वर जायला सांगा, म्हणजे तो उतार नॅकसाठी बांधलाय की माणसासाठी, ते कळेल. हरित लेखापरीक्षण बाहेरच्या एजन्सीला पैसे देऊन करवून घेता, ते पर्यावरणशास्त्राच्या मुलांकडून करवून घ्या. त्यांचा अहवाल जसाच्या तसा, तुमच्या उत्तरासह, फलकावर लावा. उत्तर ‘यंदा पैसे नाहीत’ असलं तरी चालेल. मुलांना नकार पचतो, दुर्लक्ष पचत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणांत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमात आहे. म्हणजे विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांसाठी शासनाची वाट बघत असलात, तरी ही एक निवडणूक घ्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. कोणत्याही महाविद्यालयात जा, समितीच्या फलकावर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून एखाद्या मुलीचं नाव असतं आणि बऱ्याचदा ते तिलाच माहीत नसतं. या तीन जागांसाठी खरी मतपेटी ठेवा. हाताने रंगवलेली पोस्टर लावू द्या, प्रत्येकाला पाच मिनिटं बोलू द्या. काय आकाश कोसळतं ते बघा. कोसळलं, तर तीनच जागांचं कोसळेल.

हमीपत्रातली ती ओळ काढून टाका. तिला कायद्यात फारसा अर्थ नाही आणि संविधान दिनाला उद्देशिका वाचून घेणाऱ्या संस्थेच्या अर्जावर ती शोभतही नाही. त्या जागी शांततेने, नासधूस न करता, लेखी मागणी आधी देऊन काय काय करता येईल, ते लिहा. पटांगणातली एखादी जागा ठरवून द्या, जिथे मुलं पूर्वसूचना देऊन बसू शकतील, बोलू शकतील. तिथे प्राचार्यांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास येऊन उभं राहावं. केबिनमध्ये मुलगा आरोपीसारखा बोलतो, झाडाखाली जरा बरा बोलतो.

फाटकाबाहेरच्या फलकाचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा. नियम २००४ पासून आहे, पत्रा आणि रंग मिळून फार खर्च येत नाही. अंतर मोजायला मुलं तयार असतात.

या पत्राला कुणाला उत्तर द्यावंसं वाटलं, माझं म्हणणं खोडावंसं वाटलं, तर जरूर जाहीरपणे द्या, मी ते फलकावर लावल्यासारखंच वाचेन. फक्त हे पत्र वर्गात वाचून दाखवणाऱ्या एखाद्या मुलीच्या वडिलांना फोन करू नका.

आपला,
रासेयोचा एक निवृत्त कार्यक्रम अधिकारी